बाळाची भूक आणि समाजाची नजर

नवजात बालकास 24 तासांत साधारणतः 8 ते 12 वेळा स्तनपान द्यावे लागते. पहिले 6 महिने केवळ आईचेच दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा वेळी घराबाहेर पडलेल्या मातेने लोकलज्जेस्तव पाजणे लांबविले, तर बाळ उपाशी राहते, स्तनांत दूध साठून वेदना होतात आणि हळूहळू दूधही कमी होऊ लागते.

हा संकोच दूर करण्याचा मार्ग मातांनीच शोधला. एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सार्वजनिक स्तनपानाविषयी नापसंती व्यक्त झाल्यावर, जून 2005 मध्ये न्यूयॉर्क येथे सुमारे 200 माता त्या वाहिनीच्या कार्यालयाबाहेर जमल्या व शांतपणे आपापल्या बाळांना पाजू लागल्या. 2018 पर्यंत अमेरिकेतील सर्व 50 राज्यांत सार्वजनिक स्तनपानास कायद्याचे संरक्षण लाभले. भारतातही एका सेवाभावी उपक्रमाच्या याचिकेवर, फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपानकक्षांची आवश्यकता मान्य केली; स्तनपानास कलंक मानू नये, असेही स्पष्ट केले.

महाराष्ट्रातील एस.टी. स्थानकांवरील अशा कक्षांना, बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचे नाव दिलेले आहे. मात्र कक्ष ही सोय आहे, सक्ती नव्हे. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात एखादी माता बाळाला पाजत असल्यास तिला बसावयास जागा द्यावी, तिच्याकडे रोखून पाहू नये व तिला उठवू नये, ही सर्व आप्तेष्टांना नम्र विनंती.