पुंगळीची साक्ष

खराडी आणि खडकी हीं दोन नांवें नभोवाणीवर ऐकतांना एकमेकांत सहज मिसळावींत अशीं आहेत. खराडी पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या कांठीं. खडकी वायव्येस, आणि तेथें काडतुसांचा कारखाना 1869 पासून आहे. पुढील विवेचन खडकीच्या विद्येचें आहे. खराडीचा संबंध केवळ उन्हापुरता, आणि तो शेवटीं येईल.

बंदुकीचा घोडा ओढतांच काडतुसाच्या बुडाची टोपी पेटते, दारूचा वायु होतो आणि सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागांत गोळी नळीबाहेर पडते. एवढ्या अवधींत सर्व भार पितळेच्या पातळ पुंगळीवर येतो. हें पितळ शेंकडा 70 भाग तांबें आणि 30 भाग जस्त यांचें असतें. पुंगळी फुगून कोठीच्या भिंतीस चिकटते, वायूला मागें येऊं देत नाहीं, आणि दाब ओसरला कीं किंचित् आक्रसून मोकळी होते. हा लवचिकपणा मर्यादित आहे. मर्यादा ओलांडली म्हणजे पितळ पूर्वस्थितीवर येत नाहीं व त्यावर खुणा उमटतात. त्या वाचण्याचें शास्त्र दिसतें तितकें सोपें नाहीं, आणि वाचण्यांत चूक झाल्यास किंमत डोळ्यानें वा हातानें द्यावी लागते.

आंखूड मॅग्नम काडतुसांच्या बाबतींत ही गोष्ट विशेषच खरी. 1912 सालीं हॉलंड अँड हॉलंड यांनीं काढलेलें .375 मॅग्नम लांब होतें आणि त्याच्या बुडाशीं पितळेचा पट्टा होता. हिंदुस्थानच्या रानांत तें चांगलेंच परिचित होतें. पुढें अमेरिकेंत पुंगळी आंखूड करण्याकडे कल वळला, आणि 2001 सालीं विंचेस्टर कंपनीचें बिनपट्ट्याचें, बुटकें व जाड .300 शॉर्ट मॅग्नम बाजारांत आलें. त्याची दाबमर्यादा दर चौरस इंचास 65,000 पौंड, म्हणजे आपल्याभोंवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारें 4,400 पट. जुन्या .303 ची मर्यादा 49,000 च्या आसपास. बुटक्याच्या मर्यादेपुढें पितळेला उसंत थोडीच उरते.

अमेरिकेंत घरीं काडतुसें भरण्याचा छंद सर्रास आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्रकायद्यान्वयें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें गुन्हा आहे. परंतु रिकामी पुंगळी कारखान्याच्या काडतुसाचीही असते, आणि तिची साक्ष तीच.

नवशिका प्रथम टोपीकडे पाहतो. तिच्या गोल कडा बसून ती सपाट झाली कीं दाब वाढला, असा त्याचा निर्णय ठरलेला. हा निर्णय पुष्कळदां चुकतो. टोपीचें पितळ मऊ असलें तर ती माफक दाबानेंही सपाट होते. याहून फसवें कारण दुसरें आहे. पुंगळी कोठींत पुढें-मागें हलण्यास जागा राहिली असेल, तर बार होतांच टोपी आधीं मागें सरकते, आणि मग पुंगळी ताणून मागें येत तिला आपल्या घरांत दाबून सपाट करते. पट्ट्याच्या काडतुसांत हा दोष वारंवार आढळतो, कारण त्यांची बैठक पट्ट्यावर असते. पुंगळी पुन्हा मापांत आणतांना तिचा खांदा किती मागें ढकलला गेला, हें भरणाराच्या लक्षांत येत नाहीं. अशा पुंगळ्यांच्या बुडाच्या किंचित् वर एक उजळ वर्तुळ दिसूं लागतें व पुढें पुंगळी तेथेंच तुटते. येथें दारू कमी करून कांहीं साधत नाहीं. दोष मापाचा आहे. टोपीवरील खड्ड्याभोंवतीं उठलेली कडाही अशीच दुतोंडी: ती दाबानें उठते, तशीच टोंचणीचें भोंक सैल असलें तरीही.

बोल्ट जड उचलला जाणें ही अधिक गंभीर खूण. तरी मळलेल्या किंवा खरबरीत कोठीमुळेंही तो अडतो, म्हणून आधीं कोठी साफ, कोरडी करून पाहावी. तेलकट कोठी तर दुहेरी वाईट: पुंगळी भिंतीस धरत नाहीं आणि सारा धक्का बोल्टवर येतो. बोल्ट अडल्यास तो हातोडीनें ठोकणाऱ्या वीराचें साहस कौतुकास्पद नव्हे. पुंगळीच्या बुडावर बाहेरफेक्याच्या छिद्राचा चकचकीत ठसा उमटला, किंवा टोपीचें घर सैल पडून नवी टोपी बोटानेंही बसूं लागली, तर मात्र दुसरा अर्थ सहसा नसतो. तेथें गोळीबार थांबवून उरलेलीं काडतुसें बाजूस ठेवणें हाच मार्ग.

दारूचें वजन तेंच असून दाब कां वाढला, याचा शोध तेथून सुरू होतो. जाड पितळेची पुंगळी आली तर आंतील जागा कमी होते. पुंगळीची मान वाढून कोठीच्या तोंडांत रुतली तर गोळी सहज सुटत नाहीं. गोळी नळीच्या आट्यांना आधींच टेकली असेल, किंवा टोप्यांची जात बदलली असेल, तरीही तेंच. आंखूड मॅग्नममध्यें आणखी एक अडचण आहे: लांब गोळी आंखूड मॅगझिनांत मावावी म्हणून खोल बसवावी लागते, आणि ती दारूची जागा खाते. गोळीचा वेग मोजण्याचें यंत्र येथें टोपीपेक्षां प्रामाणिक साक्षीदार ठरतें. त्याच नळीच्या लांबीस पुस्तकांत दिलेल्याहून वेग बराच अधिक आला, तर तो वाढीव दाबाशिवाय आलेला नाहीं, मग टोपी कितीही गोंडस दिसो.

राहिला उन्हाचा प्रश्न. तापलेली दारू जलद जळते. कॉर्डाइटच्या काळांत हा त्रास एवढा जाणवला कीं उष्ण देशांसाठीं विलायतेंतील कारखाने थोड्या कमी दारूचीं निराळीं काडतुसें भरीत. आजच्या कांहीं दारू उष्णतेस कमी बधतात, सर्वच नव्हे. डिसेंबरच्या पहाटे मर्यादेस टेकलेलें काडतूस मे महिन्यांत खराडीच्या उघड्यावर उभ्या मोटारींत, कांचेमागें, दोन तास पडलें तर तें मर्यादेच्या आंत उरेलच असें नाहीं. पेटी सावलींत असावी. तापलेलें काडतूस आधीं निवूं द्यावें. बरेच बार झाल्यावर गरम कोठींत भरलेलें काडतूस रेंगाळत ठेवूं नये, कारण लक्ष्य न्याहाळण्यांत मिनिटें जातात आणि तेवढ्यांत आंतली दारू शिजत असते.