विहिरीचें पाणी, औषधांचा अंश आणि काळी माती

पाणी गढूळ असल्यास डोळ्यांस दिसतें, मचूळ असल्यास जिभेस कळतें. परंतु माणसांच्या व जनावरांच्या औषधांचा जो अंश हल्लीं नदीनाल्यांत व विहिरींत उतरत आहे, तो दिसत नाहीं, त्यास वास नाहीं, आणि पाणी उकळल्यानेंही तो बहुधा जात नाहीं. महसूल खात्यांतील नोकरींत आम्ही विहिरींच्या नोंदी पुष्कळ लिहिल्या. विहीर कोणत्या गटांत, सामाईक कीं एकट्याची, भिजणारें क्षेत्र किती, ह्या सर्वांस रकाने होते; पाण्यांत काय आहे, यास रकाना नव्हता.

हा प्रश्न शहरांचा, असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये. बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरांत उगम पावणारी मांजरा नदी तेलंगणांतून जाऊन गोदावरीस मिळते. तिच्या खोऱ्यांत, हैदराबादेजवळ पटनचेरू येथें, औषधांचे बरेच कारखाने आहेत. त्यांचें सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतून बाहेर सोडलेलें पाणी स्वीडनच्या संशोधकांनीं तपासलें व २००७ सालीं त्याचे आंकडे प्रसिद्ध केले. त्या ‘शुद्ध’ पाण्यांत दर लिटरास ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघालें! औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तांत असतें त्याहून हें प्रमाण अधिक. अशा पाण्यांत जंतु औषधास सरावतात, आणि पुढें तेंच औषध रोग्यास लागू पडत नाहीं.

आमच्या पाचोडच्या शिवारांत औषधांचे कारखाने नसले तरी गोठे घरोघर आहेत. ऑक्सिटेट्रासायक्लीन दिलेल्या जनावराच्या शेणामुतांतून त्या औषधाचा बराच भाग जसाच्या तसा बाहेर पडतो. मोसंबीच्या बागेंत विहिरीपासून चार पावलांवर उकिरडा असला, तर पहिल्या पावसांत त्याचा निचरा कोठें जातो हें सांगावयास नको.

आतां मातीकडे वळूं. आमची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगून पायांस चिकटते, हें प्रत्येकाच्या अनुभवाचें आहे. याचें कारण तींतील मॉन्टमोरिलोनाइट नांवाची चिकणमाती. तिचे कण पोथीच्या पानांप्रमाणें थरांवर थर असे रचलेले असून थरांमध्यें पाणी शिरतें. ह्या थरांवर ऋण विद्युत्‌भार असतो. टेट्रासायक्लीन व सिप्रोफ्लॉक्सासिन हीं औषधें अशा मातीस घट्ट धरून राहतात. म्हणजे आमची जमीन कांहीं औषधें आपणहून अडविते. परंतु डायक्लोफेनॅकची गोष्ट उलट आहे. तें दिलेल्या जनावरांचीं मढीं खाऊन गिधाडें मेलीं, हें २००४ सालीं सिद्ध झालें, आणि जनावरांसाठीं त्यावर आपल्या देशांत २००६ सालीं बंदी आली; माणसांस मात्र तें अद्यापि दिलें जातें. पाण्यांत विरघळल्यावर त्याचा भार ऋणच असतो. ऋणास ऋण दूर लोटतें, म्हणून माती त्यास धरीत नाहीं व तें पाण्याबरोबर वाहत जातें. सल्फा जातीचीं औषधेंही बहुधा अशींच निसटतात.

यावर शास्त्रज्ञांनीं काढलेली युक्ति आमच्या बायकांस अपरिचित वाटूं नये. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली किंवा शेवग्याच्या बियांची पूड घातली कीं माती तळाशीं बसते, कारण तुरटींतून व त्या बियांतून पाण्यांत उतरणारें द्रव्य धनभाराचें असून तें मातीच्या ऋण कणांस एकत्र बांधतें. त्याच न्यायानें धनभार असलेलें लांब साखळीचें द्रव्य, म्हणजे पॉलिमर, चिकणमातीवर चढवितात. साखळीचा कांहीं भाग थरांस चिकटतो, कांहीं बाहेर लोंबत राहतो, आणि एकंदर कणच धनभाराचा होतो. मग डायक्लोफेनॅक त्यावर येऊन बसतें. पाणी शुद्ध करण्याच्या कामीं वापरांत असलेलें पॉलिडॅडमॅक यास चालतें. झिंग्यांच्या कवचांपासून होणारें कायटोसानही घेतात. मात्र त्याचा धनभार आंबट पाण्यांत टिकतो, आमच्या चुनखडीच्या पाण्यांत फारसा टिकत नाहीं. इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठांत अशा मिश्रणांवर पुष्कळ काम झालें आहे.

कोणी शेतांतील माती मडक्यांत भरून गाळणी करूं पाहील, तर तें व्यर्थ आहे. नुसती चिकणमाती फुगून पाण्याची वाटच बंद करिते. पाझर तलावाच्या बांधांत काळी माती भरतात ती त्याचसाठीं. म्हणून पॉलिमर चढविलेल्या मातीचे दाणे करितात किंवा ती वाळूंत मिसळतात. दुसरी अडचण अशी कीं, कुजलेल्या पालापाचोळ्याचें द्रव्यही ऋणभाराचेंच असतें. तें औषधाच्या आधीं जागा अडवून बसतें, व त्यामुळें तळ्याच्या पाण्यावर ही गाळणी विहिरीच्या पाण्यापेक्षां लवकर थकते. थकलेली गाळणी पूर्वीसारखीच दिसते, परंतु औषध मात्र तींतून पार जाऊं लागतें.

तेव्हां असें यंत्र विकावयास कोणी आला, तर किती लिटर पाण्यानंतर आंतील माल बदलावा लागतो, आणि तपासणी कोणत्या औषधांवर केली आहे, हीं दोन उत्तरें त्याजकडून लेखी घ्यावीं. काढलेला माल उकिरड्यांत टाकूं नये. धरलेलें औषध त्यांत असतेंच. हल्लीं गांवोगांवीं जें आर. ओ. यंत्र बसतें, त्याचेंही असेंच आहे. तें बहुतेक औषधें वेगळीं काढतें खरें, पण तीं सर्व त्याच्या टाकाऊ पाण्यांत दाट होऊन उतरतात, आणि त्या पाण्याची नळी आम्ही विहिरीच्या काठाशीं सोडलेली पाहिली आहे.