स्कॅनर कनेक्ट होत नाही? ईसीएमला नाव ठेवण्याआधी मीटर काढा

स्कॅनर लावला, इग्निशन ऑन केलं आणि स्क्रीनवर 'लिंक एरर' आलं, की बरेच जण कस्टमरला लगेच सांगून मोकळे होतात, "ईसीएम गेलाय." हे वाक्य कस्टमरला काही हजारांत पडतं. आणि नवा ईसीएम लावूनही स्कॅनर बोलला नाही, तर तो खर्च कोणाच्या माथी?

आधी तोच स्कॅनर दुसऱ्या गाडीला लावून बघा. तिथे चालला, तर पुढचा प्रश्न: ही गाडी स्टार्ट होते का? होत असेल तर ईसीएम जिवंत आहे. मग गडबड सॉकेटमध्ये किंवा मधल्या वायरिंगमध्ये शोधायची.

ओबीडी सॉकेटला १६ पिना असतात. १६ नंबरवर बॅटरीचा पॉझिटिव्ह, ४ आणि ५ वर अर्थिंग. नुसतं १२ व्होल्ट दिसलं म्हणून खूश होऊ नका, १६ आणि ४ मध्ये छोटा बल्ब लावा. तो मंद पेटला तर अर्थ किंवा सप्लाय कच्चा आहे. काही गाड्यांत हा सप्लाय आणि सिगारेट लायटर एकाच फ्यूजवर असतात. स्वस्तातल्या मोबाईल चार्जरने फ्यूज उडतो आणि दोष ईसीएमवर येतो!

आता मुख्य काम. कॅन लाईनच्या गाडीत ६ आणि १४ नंबर बघायचे. बॅटरी टर्मिनल काढून थोडं थांबा, मग दोन्हींमध्ये ओहम मोजा. साधारण ६० आलं तर लाईन जुळलेली आहे, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर पॅरललमध्ये असतात. १२० आलं तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ असेल तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. मीटर लावून ठेवा आणि एकेक मॉड्यूलचं कपलर काढत जा. ज्याने रीडिंग बदललं, तिथे थांबा. पण पहिला हात बाहेरून बसवलेल्या जीपीएस ट्रॅकरला आणि म्युझिक सिस्टीमला. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायरिंगही बघा. (गेटवेवाल्या नव्या गाड्यांत रीडिंग वेगळं येऊ शकतं, तिथे डायग्राम लागतोच.)

ओहम बरोबर असेल तर बॅटरी जोडून, इग्निशन ऑन करून व्होल्टेज बघा. ६ आणि १४ दोन्हींवर अडीचच्या आसपास हवं. एखादी ० किंवा १२ वर अडकली असेल तर ती अर्थला किंवा पॉझिटिव्हला लागलीय.

गाडी स्टार्टच होत नाही, चेक लाईटही पेटत नाही? मग मेन रिले, फ्यूज आणि ईसीएमची अर्थिंग. सगळं ठीक असेल तर ५ व्होल्टवाले सेन्सर एकेक काढा. काही गाड्यांत एक शॉर्ट सेन्सर अख्ख्या ईसीएमला गप्प करतो.

प्रत्येक रीडिंग जॉब कार्डवर लिहा आणि तपासणीचा चार्ज गाडी घेतानाच सांगा.