रेंजरला रेसरचे हँडल

पोलादी फ्रेमच्या, पुढे-मागे कुठेही सस्पेन्शन नसलेल्या माउंटन बाइकचे आडवे हँडल काढून तिथे रेसर सायकलचे खाली वळलेले हँडल, म्हणजे ड्रॉप हँडल, बसवता येते. ते नीट बसवले तर पडवीत धूळ खात उभी असलेली सायकल लांबच्या रस्त्याला पुन्हा उपयोगी पडते. महाराष्ट्रात या जातीच्या सायकलींना ‘रेंजर’ म्हणतात. २६ इंची चाके, दोन इंचांहून रुंद टायर, जाड नळ्या, आणि अनेकदा गिअर नाहीतच. वजनाला ती जड असते, पण मजबुतीला तोड नाही. शिवाय मडगार्ड आणि कॅरिअर लावायला तिला जागा असते. महागड्या रेसर सायकलीला ती बहुधा नसते.

अशा सायकलीचा उपयोग कुठे होतो ते कोकणातल्या हर्ण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर चांगले कळते. दापोलीहून आसूदमार्गे हर्णे बंदराकडे येणारा रस्ता सुमारे १५ किलोमीटरांत ८०० फुटांवरून समुद्रसपाटीला उतरतो. हर्ण्याहून किनाऱ्याने दक्षिणेला मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळपर्यंत जाता येते आणि पुढे फेरीबोटीत सायकल चढवली की खाडीपलीकडे धोपावे. उत्तरेला पाजपंढरीवरून खाडी ओलांडली की आंजर्ले, आडे, केळशी. या रस्त्यांचा स्वभाव एकच: खाडीकाठाशी उतरायचे, गावातल्या बोळातून जायचे, मग छातीवर येणारा चढ चढून जांभ्याच्या उघड्या सड्यावर यायचे. डांबर जिथे आहे तिथे बरे असते. पावसाळा संपताना मात्र खड्डे आणि जांभ्याची खडी ठरलेली. अरुंद टायरच्या रेसरचे इथे हाल होतात. रेंजर खड्ड्यांना पुरून उरते, पण दुपारी समुद्रावरून वारा सुटला की सरळ हँडल धरून ताठ बसलेला स्वार सड्यावर त्या वाऱ्याला आपली सगळी छाती देतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे समोरच्या वाऱ्यात स्वाराची बहुतेक मेहनत हवा कापण्यातच जाते. ड्रॉप हँडलच्या खालच्या भागाला धरून वाकले की हा रोध लगेच कमी होतो.

याहून मोठा फायदा हातांचा आहे. आडव्या हँडलवर तळहात कायम जमिनीकडे पालथा राहतो आणि पकड एकच असते. तास-दीड तासाने मनगट दुखते, करंगळीला मुंग्या येतात. ड्रॉप हँडलवर वरचा सरळ भाग, कोपरे, ब्रेकच्या मुठी आणि खालचे वळण अशा चार जागा मिळतात. मुठींवर हात ठेवला की तळवे एकमेकांसमोर येतात. मनगटाला ही ठेवण नैसर्गिक असते. चढावर मुठी, सपाटीला वरचा भाग आणि वाऱ्यात खालचा, असे हात बदलत राहिले की पाठ आणि मान दोन्ही टिकतात.

ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, जिथे माउंटन बाइक जन्मली, तिथे चार्ली कनिंगहॅम १९७० च्या दशकाच्या अखेरीसच आपल्या डोंगरी सायकलींना ड्रॉप हँडल लावत होता. ब्रिजस्टोनची एमबी-१ ही सायकल १९८७ मध्ये कारखान्यातूनच ड्रॉप हँडल लावून बाहेर पडली, तर स्पेशलाइज्डची रॉककॉम्बो १९८९ मध्ये. जॉन टोमॅक १९९० मध्ये रस्त्याच्या आणि डोंगराच्या अशा दोन्ही शर्यतींत उतरत होता. दोन्हीकडे बसण्याची ठेवण सारखी राहावी म्हणून त्याने माउंटन बाइकलाही ड्रॉप हँडल लावले होते. आज ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणून जी महाग सायकल विकली जाते, तिची मांडणी या जुन्या जोडणीच्या फार जवळ जाते.

अडचणीची सुरुवात लांबीपासून होते. माउंटन बाइकची वरची नळी आडवे हँडल गृहीत धरून लांब ठेवलेली असते. ड्रॉप हँडल स्वतःच ७-८ सेंटिमीटर पुढे जाते आणि ब्रेकच्या मुठी त्याच्याही पुढे. त्यामुळे जुन्या स्टेमवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या पुढे आलेल्या दांड्यावर, नुसते हँडल बदलले तर स्वार सायकलवर जवळजवळ पालथा पडतो. स्टेम ज्या नळीत उतरतो तिच्या मध्यापासून सीटच्या दांड्याच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर टेपने मोजावे. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला रेसर सायकलवर हे अंतर साधारण ५३-५४ सेंटिमीटर लागते. माउंटन बाइकवर ते ५६-५७ भरले तर काम जमण्यासारखे आहे, ६० च्या घरात गेले तर ती फ्रेम सोडून द्यावी. जुन्या पोलादी फ्रेम या कामाला बऱ्या पडतात, कारण १९८०-९० च्या दशकांत नळी आखूड आणि स्टेम लांब, १२ सेंटिमीटरपर्यंत, असा प्रघात होता. तो लांब स्टेम काढून ५-६ सेंटिमीटरचा उंच स्टेम लावला की हिशेब जुळतो. हल्लीच्या माउंटन बाइकला मुळातच आखूड स्टेम असतो, तिथे कमी करायला काही उरत नाही. अंतर जास्त वाटते म्हणून सीट पुढे सरकवणे हा मात्र उपाय नव्हे. सीटची जागा गुडघा आणि पेडल यांच्यावरून ठरते. तिला हात लावला तर दुखणे मनगटातून गुडघ्यात जाते.

उंचीही पाहावी लागते. हँडलचा वरचा भाग सीटच्या पातळीला किंवा किंचित वर असला, तरच खालच्या वळणाचा रोज उपयोग होतो. हँडल खाली गेले की ते वळण शोभेपुरते उरते. जुन्या सायकलींचा स्टेम पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या नळीत आत उतरलेला असतो आणि आतल्या पाचरीने आवळलेला असतो. त्याच्यावर एक खूण असते. त्या खुणेच्या वर स्टेम काढायचा नाही, नाहीतर पाचर नळीच्या आटे असलेल्या कमकुवत भागात आवळली जाते. नवा स्टेम घेण्याआधी व्हर्निअरने दोन मापे घ्यावीत. एक आत जाणाऱ्या दांड्याचे: एक इंची चिमट्याला ते बहुधा २२.२ मिलिमीटर असते, १ १/८ इंची चिमट्याला २५.४. दुसरे हँडल धरणाऱ्या पकडीचे: आडव्या हँडलला ते २५.४, तर ड्रॉप हँडल २५.४, २६ किंवा ३१.८ अशा तीन मापांत मिळते. २५.४ आणि २६ मधला फरक डोळ्याला दिसत नाही, पण बळजबरीने बसवलेले हँडल ऐन उतारावर पकडीत फिरू शकते.

हर्ण्यासारख्या ठिकाणी जुना स्टेम काढणे हेच सगळ्यात कष्टाचे काम ठरते. खाऱ्या हवेत अॅल्युमिनिअमचा स्टेम आणि पोलादी नळी एकमेकांना धरून गंजतात आणि वर्षानुवर्षे न हललेला स्टेम जणू वितळून एक झालेला असतो. वरचा बोल्ट चार-पाच फेरे सैल करावा, बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोकावे. खालची पाचर सुटली की बोल्ट खाली बसतो. तरी स्टेम हलला नाही तर सांध्यात गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवावे. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे पिळत राहिले की बहुतेक वेळा तो सुटतो. नवा स्टेम घालताना दांड्याला सगळीकडून ग्रीस लावावे. सीटच्या दांड्यालाही तेच.

लांबी चुकली तर पाठ दुखते. ब्रेक चुकला तर आसूदच्या उतारावर जीव धोक्यात येतो. म्हणून या कामात सर्वांत जास्त पैसे आणि वेळ ब्रेकवर खर्च करावा. आडव्या हँडलची नळी मुठीपाशी २२.२ मिलिमीटरची, ड्रॉपची २३.८, त्यामुळे जुने ब्रेक लिव्हर नव्या हँडलवर बसतच नाहीत. ड्रॉपचे लिव्हर वेगळे घ्यावे लागतात. ते घेताना रिमवरचा ब्रेक कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहावे. दोन बाहूंना जोडणारी तार वरून मधोमध ओढली जाते तो कँटिलिव्हर. एका बाहूकडून दुसऱ्याकडे तार आडवी जाते तो व्ही-ब्रेक. आपल्याकडे दुकानात त्याला ‘पॉवर ब्रेक’ म्हणतात. शिमानोने १९९६ मध्ये बाजारात आणल्यापासून व्ही-ब्रेकने कँटिलिव्हरला जवळजवळ हद्दपार केले. कँटिलिव्हर साध्या ड्रॉप लिव्हरवर उत्तम चालतो. व्ही-ब्रेकला मात्र जवळपास दुप्पट तार ओढावी लागते. त्याला साधा लिव्हर जोडला तर रबर रिमच्या अगदी जवळ ठेवावे लागते. चाक थोडे वाकडे झाले की ते घासते आणि पावसात रबर झिजले की लिव्हर हँडलला टेकतो, तरी सायकल थांबत नाही. व्ही-ब्रेकसाठी मुद्दाम बनवलेले जास्त तार ओढणारे ड्रॉप लिव्हर मिळतात; टेक्ट्रोचा आरएल ५२० हा त्यातला सर्वपरिचित. तो नसेल तर आखूड बाहूंचा, ८ ते ९ सेंटिमीटरचा व्ही-ब्रेक लावावा. यातले काहीच शक्य नसेल तर हे काम हाती घेऊ नये.

कँटिलिव्हरच्या बाबतीत एक बारीक गोष्ट सुटते. अनेक जुन्या स्टेमना पुढच्या ब्रेकच्या तारेसाठी भोक किंवा छोटी चकती असते. नव्या स्टेमला ती नसते, आणि सगळे जोडून झाल्यावर पुढची तार अडकवायला जागाच नाही हे लक्षात येते. चिमट्याच्या वरच्या नटाखाली बसणारी पट्टी आधीच आणून ठेवली तर हा खोळंबा होत नाही. तारेच्या टोकाचा मणीही निराळा असतो: माउंटन लिव्हरची तार आडव्या गोल मण्याची, ड्रॉप लिव्हरची नासपतीच्या आकाराची. जुनी तार वापरायचा मोह नको, नव्या हँडलभोवती वळून जाताना ती आखूडच पडते. उजव्या-डाव्या हाताला जो ब्रेक असेल तोच ठेवावा. अचानक समोर गुरे आली की हात सवयीनेच आवळले जातात.

गिअर नसतील तर त्यांच्या जोडणीचा सगळा भाग गाळता येतो, आणि हर्णे-मुरूड-कर्द्यासारख्या सपाट टप्प्यावर बिनगिअरची रेंजर पुरेशी आहे. गिअर असतील तर ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत असणारे लिव्हर घ्यायचा मोह होतो. ते महाग असतात आणि जुळणी नाजूक: शिमानोच्या नऊ गिअरपर्यंत रस्त्याच्या लिव्हरशी मागचा माउंटन डिरेलर, म्हणजे साखळी सरकवून गिअर बदलणारा भाग, जुळतो, पुढचा मात्र नीट जुळत नाही, आणि दहापासून पुढे मागचाही नाही. त्यापेक्षा हँडलच्या टोकात बसणारा किंवा खालच्या नळीला पट्टीने बांधायचा साधा, टिकटिक न करणारा लिव्हर जास्त उपयोगी. त्याला कोणताही डिरेलर आणि कोणतीही फ्रीव्हील चालते, मीठ-मातीने तार जड झाली तरी अंदाजाने गिअर पडतो आणि बिघडला तर गावातला सायकलवालाही तो दुरुस्त करतो.

हँडल निवडताना रुंद, खालचा भाग बाहेर फाकलेला प्रकार घ्यावा. खडीवर आणि कॅरिअरवर ओझे असताना त्याने पुढच्या चाकावर ताबा राहतो. आखूड स्टेममुळे सायकल थोडी चपळ वळते, पण माउंटन बाइकची लांबी जास्त असल्याने ती बिथरत नाही. आधी लिव्हर बसवून, सीटवर बसून मुठींची उंची ठरवावी. मग तारा हँडलला चिकटपट्टीने बांधाव्यात आणि सगळ्यात शेवटी पट्टा गुंडाळावा. पट्टा खालच्या टोकापासून वर गुंडाळत यावा, म्हणजे प्रत्येक वेढ्याची वरची कड पुढच्या वेढ्याखाली दबते आणि तळहाताने उलटत नाही. पट्टा लावण्यापूर्वी एक-दोन दिवस सायकल चालवून पाहिलेली बरी. लिव्हर अर्धा इंच वर-खाली करायचा असेल तर गुंडाळलेला पट्टा सोडावा लागत नाही.

टायर मात्र हँडलच्याही आधी बदलावेत. २.१२५ इंची गोट्यांचे टायर काढून दीड ते पावणेदोन इंची गुळगुळीत टायर घातले की डांबरावरचा आवाज आणि ओढ दोन्ही कमी होतात. चाके तीच राहतात. कमी खर्चात सर्वांत जास्त फरक याच बदलाने पडतो, आणि पैसे एकाच कामापुरते असतील तर ते टायरवर घालावेत.

पहिली फेरी सपाटीवर घ्यावी, घाटात नव्हे. चाक दोन पायांत धरून हँडल जोरात पिळून पाहावे, ते स्टेममध्ये किंवा स्टेम चिमट्यात फिरता कामा नये. दोन्ही ब्रेक उभ्याउभ्या पूर्ण दाबावेत. लिव्हर हँडलला टेकायच्या बराच आधी चाक अडकले पाहिजे. नव्या तारा पहिल्या काही दिवसांत ताणतात, त्यामुळे ब्रेक पुन्हा आवळावे लागतात.

कर्द्याच्या ओल्या पुळणीवर सायकल छान पळते, पण घरी आल्यावर ती गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून साखळीला तेल द्यावे लागते. पेडलच्या आसाखालच्या नळीला पाणी निथळायला भोक असते. ते बुजले असेल तर मोकळे करावे, कारण पोलादी फ्रेम बहुधा आतून गंजून जाते. पट्ट्याखाली घाम आणि खारा दमट वारा साचून अॅल्युमिनिअमचे हँडल कुरतडले जाते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून पावसाळा संपला की वर्षातून एकदा पट्टा सोडून हँडल पुसून पाहावे. स्टेमच्या पकडीपाशी किंवा लिव्हरच्या पट्टीखाली पांढरी भुकटी आणि खळगे दिसले, तर ते हँडल बाद करून दुसरे लावावे.