लेबनॉनची ओळख : सातारा-सांगलीच्या वाटेनं



'लेबनॉन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बातम्यांतला धूर, पडलेल्या इमारती, आणि ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात झालेला तो भयानक स्फोट. बहुतेकांची ओळख इथेच संपते.

आता दुसरं चित्र आठवा. ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं होतं आणि देशभर टीव्हीवर सांगली म्हणजे बोटी आणि छपरावर बसलेली माणसं, एवढंच दिसत होतं. ते बघून कुणी 'सांगली म्हणजे पूर' असं कायमचं ठरवून टाकलं असतं, तर आपल्याला कसं वाटलं असतं? आपण म्हणालो असतो, अहो, पूर आला हे खरं, पण इथे हळदीची पेठ आहे, नाटक आहे, दीडशे-पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. तेही बघा की!

आज लेबनॉनच्या बाबतीत आम्ही तेच म्हणणार आहोत. आणि ओळख करून देताना आपल्या सातारा-सांगलीच्याच वाटेनं जाणार आहोत, कारण अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीशेजारी ठेवली की लवकर समजते. एक सावधगिरी मात्र सुरुवातीलाच सांगतो. साम्य दिसलं म्हणजे संबंध होता असं नव्हे. जिथे खरा संबंध आहे तिथे तसं सांगू, जिथे नुसतं साम्य आहे तिथे तसं.

साताऱ्याएवढा देश

लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर. आपल्या सातारा जिल्ह्याचं साधारण १०,४८० चौरस किलोमीटर. म्हणजे अख्खा देश आपल्या एका जिल्ह्याएवढा! माणसं मात्र सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून होतात जवळपास तेवढी.

भूगोलही ओळखीचा वाटेल. पश्चिमेला भूमध्य समुद्र, मग अरुंद किनारपट्टी, आणि लगेच उभा डोंगर. समुद्रावरून येणारे ढग डोंगराच्या पश्चिम अंगावर रिते होतात आणि पलीकडे पाऊस कमी होत जातो. महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटावला कोरडं, हे ज्यानं पाहिलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. फरक एवढाच, की तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि डोंगर तीन हजार मीटरच्या वर जात असल्यानं माथ्यावर बर्फ साचतं. देशाचं नावच त्यावरून आलं असं मानतात. 'ल-ब-न' या मूळ धातूत पांढरेपणाचा अर्थ आहे. 'लबन' म्हणजे दूध-दही, आणि 'लबने' म्हणजे दही फडक्यात बांधून, पाणी गाळून केलेला घट्ट पदार्थ. थोडक्यात, आपला चक्का. आपण त्यात साखर घालून श्रीखंड करतो, ते मीठ आणि ऑलिव्हचं तेल घालून भाकरीसारख्या पोळीबरोबर खातात.

खपली आणि बुरगुल

स्वयंपाकघरात आलोच आहोत तर गव्हाबद्दल बोलू. आपल्या भागात खपली गहू पिकतो. मळणी करूनही त्याचं टरफल सुटत नाही, तो सडावा लागतो. या जातीच्या गव्हाची शेती माणसानं प्रथम सुरू केली ती पश्चिम आशियात, लेबनॉन ज्या पट्ट्यात येतो त्या पट्ट्यात, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. म्हणजे इथे नुसतं साम्य नाही, खरं नातं आहे.

तिकडे गहू उकडून, वाळवून, भरडून ठेवतात. त्याला 'बुरगुल' म्हणतात. हल्ली तो बहुधा ड्यूरम गव्हाचा, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीचा असतो, आणि तोही खपलीच्याच वंशातला. बुरगुल आणि मांस एकत्र कुटून 'किब्बे' करतात. पूर्वी त्यासाठी घरोघरी दगडी उखळ असे. आणि ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, अख्खा गहू शिजवून त्यात साखर, बडीशेप, सुकामेवा, डाळिंबाचे दाणे घालतात. आपल्याकडच्या गूळ-खोबरं घातलेल्या खपलीच्या खिरीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

सांगली १८४३, बैरूत १८४७

आता नाटकाकडे येऊ. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन का, हे सांगलीकरांना सांगायला नको. १८४२ मध्ये कारवारकडची कर्कीची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या पदांना धरून आयत्या वेळी भाषणं करायची.

तिकडे बैरूतमध्ये मारून अल-नक्काश नावाचा एक तरुण व्यापारी होता. तो इटलीला गेला, तिथे त्यानं ऑपेरा पाहिला, आणि परत येऊन १८४७ मध्ये राहत्या घरी अरबीतलं पहिलं आधुनिक नाटक केलं. नाव 'अल-बखील', म्हणजे कंजूष. फ्रेंच नाटककार मोलिएरची प्रेरणा त्यामागे होती. पुढे त्यानं 'अरेबियन नाइट्स'मधल्या गोष्टीवर नाटक रचलं.

सांगलीला बैरूतची खबर नव्हती, बैरूतला सांगलीची नव्हती. इथे संबंध शून्य. तरीही बघा, दोघांनी सुरुवात गाण्यानं केली. दोघांना माहीत होतं की आपला प्रेक्षक कान घेऊन येतो. बायकांची कामं दोन्हीकडे पुरुषांनीच केली. आणि दोघांनी बाहेरून पाहिलेली गोष्ट जशीच्या तशी न उचलता आपल्या माणसांना रुचेल अशी वळवून घेतली. फरकही मोठा आहे. भाव्यांच्या पाठीशी दरबार होता, नक्काशच्या पाठीशी स्वतःचा पैसा आणि घरची-ओळखीची माणसं. चिंतामणराव गेल्यावर भाव्यांना गावोगाव फिरून तिकिटावर खेळ लावावे लागले, आणि त्यातूनच मराठी रंगभूमी व्यावसायिक झाली. नक्काश १८५५ मध्येच, चाळिशीही न गाठता गेला. त्याच्या घरच्या माणसांनी आणि शिष्यांनी ते नाटक पुढे इजिप्तपर्यंत नेलं.

डफ आणि झील

वाळव्याच्या मातीतले दोन मोठे शाहीर आपल्याला माहीत आहेत : रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. हा 'शाहीर' शब्द अरबी 'शाइर'वरून, म्हणजे कवी या शब्दावरून आला आहे. 'डफ'ही तिकडचाच, अरबी 'दफ्फ'. हे शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडे रुळले.

लेबनॉनमध्ये 'झजल' नावाचा प्रकार आहे. बोलीभाषेत, जागच्या जागी रचून म्हटलेली कविता. दोन कवी किंवा दोन फड समोरासमोर बसतात. एकानं विषय मांडायचा, दुसऱ्यानं त्याच वृत्तात उलटवायचा. हातात डफ, आणि मागे ध्रुवपद उचलून धरणारी मंडळी. आपण त्यांना झीलकरी म्हणू. समोरचे लोक दाद देतात, खिजवतात, रात्र रंगत जाते. कलगी-तुऱ्याचा सामना ज्यानं ऐकलाय, त्याला भाषा न कळताही तिथे काय चाललंय ते समजेल. २०१४ मध्ये युनेस्कोनं झजलची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. लक्षात घ्या, लेबनॉनमध्ये सरकारमान्य असे १८ धर्मपंथ आहेत : मारोनी, सुन्नी, शिया, द्रूझ, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि इतर. यांच्यात भांडणंही झाली, पण झजलच्या बैठकीत सगळ्यांचे कवी बसतात.

शाळा आणि कोश

भांडणांचा विषय निघालाच आहे तर तो टाळून चालणार नाही. १८६० मध्ये लेबनॉनच्या डोंगरात द्रूझ आणि मारोनी यांच्यात मोठा रक्तपात झाला. हजारो माणसं मेली, गावं जळाली. तेव्हा बैरूतमध्ये बुत्रुस अल-बुस्तानी नावाचे विद्वान होते. त्यांनी देशबांधवांना उद्देशून पत्रकं काढली. स्वतःचं नाव न घालता, 'देशावर प्रेम करणारा' एवढीच सही. आणि १८६३ मध्ये त्यांनी शाळा काढली, 'राष्ट्रीय शाळा'. सर्व पंथांची मुलं एका छपराखाली शिकतील, हा तिचा नेम.

साताऱ्यात हे ऐकताना कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव ओठावर येणारच. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचं वसतिगृह १९२४ चं. सर्व जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील, स्वतः काम करतील. पंथ आणि जात या वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोघांनी ओळखलेलं मर्म एकच. एकत्र राहण्याचा उपदेश करून माणसं एकत्र येत नाहीत, त्यांना लहानपणी एकत्र राहू द्यावं लागतं.

याच बुस्तानींनी अरबी शब्दकोश केला, आणि १८७६ मध्ये अरबी विश्वकोशाचा पहिला खंड काढला. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघाला तो १९७६ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी! बुस्तानी १८८३ मध्ये गेले, वर्षभरात त्यांचा मुलगाही गेला. कुटुंबातल्या इतरांनी काम ओढत ११ व्या खंडापर्यंत आणलं आणि १९०० मध्ये ते थांबलं, कायमचं अपुरं. वाईचं काम शासनाच्या मंडळाच्या आधारानं चाललं, म्हणून तर्कतीर्थांच्या मागेही पुढच्या संपादकांनी २० खंडांपर्यंत नेलं. एका घराच्या खांद्यावर कोश पेलत नाही, त्याला संस्था लागते, हा यातला धडा.

इथे एक खरा संबंधही आहे. बोस्टनच्या ज्या अमेरिकन मिशन मंडळानं १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केलं, त्याच मंडळानं १८३४ मध्ये आपला अरबी छापखाना माल्टाहून बैरूतला हलवला. मंडळाचं मराठी मिशन पुढे सातारा-वाईपर्यंत आलं, आणि बैरूतच्या मिशनमध्ये बुस्तानींनी बायबलच्या भाषांतराला मदत केली. म्हणजे एकाच पत्त्यावर दोन्हीकडचे अहवाल जात होते.

खांडेकरांच्या हातून जिब्रान

आता लेबनॉनचा जो माणूस मराठी घरांत प्रत्यक्ष पोचला, त्याच्याकडे येऊ. खलील जिब्रान. जन्म १८८३, गाव ब्शर्री, डोंगरातलं, देवदारांच्या राईजवळचं. हाच देवदार त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे. घरची स्थिती बिकट, म्हणून १८९५ मध्ये आई चार मुलांना घेऊन बोस्टनला गेली, वडील मागे राहिले. आईनं दारोदार फिरून कापडचोपड विकलं. पुढे दोन वर्षांच्या आत बहीण, भाऊ आणि आई तिघंही गेली. १९२३ मध्ये 'द प्रॉफेट' आलं आणि जगभर वाचलं गेलं. १९३१ मध्ये न्यूयॉर्कला मृत्यू, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह परत ब्शर्रीला.

माण, खटाव, आटपाडी, शिराळा, पाटण इथल्या घरांना ही गोष्ट परकी नाही. एक पाय गिरणगावात आणि एक गावात, महिन्याची मनीऑर्डर, आणि शेवटी माती गावचीच हवी. तिकडची गिरणी समुद्रापलीकडे होती एवढंच.

सांगलीत १८९८ मध्ये जन्मलेल्या वि. स. खांडेकरांना हा लेखक भावला. त्यांनी जिब्रानच्या रूपककथा मराठीत आणल्या. 'सुवर्णकण', 'वेचलेली फुले' ही पुस्तकं त्यातूनच झाली. अर्ध्या-एका पानाची गोष्ट, पात्रं म्हणजे झाड, वेडा, राजा, कोल्हा, आणि शेवटी मनात राहणारा एक चिमटा. खांडेकरांनी स्वतःही रूपककथा लिहिल्या आणि हा प्रकार मराठीत रुजवला. लेबनॉन कुठे आहे हे माहीत नसलेल्या मराठी वाचकानं लेबनॉनचा लेखक असा वाचला.

जपलेलं आणि गेलेलं

शेवटचा मुद्दा. १९७५ ते १९९० लेबनॉनमध्ये यादवी युद्ध झालं. बैरूतचं राष्ट्रीय संग्रहालय नेमकं दोन बाजूंच्या सीमारेषेवर. संचालक मॉरिस शेहाब यांनी लहान वस्तू तळघरात ठेवून भिंती बांधून घेतल्या, आणि जड दगडी शवपेट्यांभोवती चक्क काँक्रीट ओतलं. त्यात बिब्लॉसच्या अहिराम राजाची शवपेटी होती. जगातल्या अगदी जुन्या वर्णमालेतला, फिनिशियन अक्षरांचा लेख तिच्यावर आहे. युद्ध संपल्यावर काँक्रीट फोडलं, तेव्हा ती सुखरूप निघाली. २०२४ मध्ये पुन्हा बॉम्ब पडू लागले, बालबेकच्या रोमन मंदिरांजवळही पडले, तेव्हा युनेस्कोनं तिथल्या ३४ स्थळांना तातडीचं विशेष संरक्षण दिलं.

आणि आपल्याकडे? २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता. पाणी होतं, आणि ते येणार हे २००५ नं सांगून ठेवलं होतं. शेहाब यांच्याकडे पैसा नव्हता, वेळ नव्हता, डोक्यावर गोळीबार होता. त्यांनी एवढंच केलं, की काय आधी वाचवायचं हे ठरवलं आणि स्वतः उभं राहून ते करून घेतलं.

तेव्हा मंडळी, दुसऱ्याचा वारसा कशासाठी बघायचा, या प्रश्नाचं आमचं उत्तर हे आहे. पुढच्या वेळी बातमीत बैरूत दिसलं, तर धुराच्या मागे एका घरात झालेलं ते पहिलं नाटक आठवा, अपुरा राहिलेला कोश आठवा. आणि पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या गावच्या वाचनालयात एक चक्कर मारा. सगळ्यात खालच्या फळीवर कुठली पुस्तकं आहेत तेवढं बघून या.