कुडाच्या घरात ५० मिमी: स्वस्त लेन्स नेमकं काय करते?

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ठाकर, कातकरी, वारली घरांची नोंद करायला गेलात की कॅमेऱ्याची पहिली गाठ पडते ती अंधाराशी. शेणाने सारवलेला कूड, खिडकी लहान किंवा नाहीच. उजेड काय तो दारातून. फ्लॅश मारला तर सारवणाचा पोत सपाट होतो आणि माणसं दचकतात ती वेगळीच. अशा वेळी कामाला येते ५० मिमी एफ/१.८ ही प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स.

हा १.८ काय सांगतो? ५० ला १.८ ने भागा: लेन्सचं भोक सुमारे २८ मिमी. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ झूम याच लांबीला साधारण एफ/५.६ पर्यंतच उघडते, म्हणजे भोक जेमतेम ९ मिमी. व्यास तिप्पट, म्हणून उजेड साडेनऊ पट! झूमला १/१० सेकंद लागतो तिथे हिचं १/१०० मध्ये भागतं. हात हलून फोटो जात नाही.

मग ती स्वस्त कशी? तिची रचना जुनी आहे. मूळ १८९६ मधल्या त्साइसच्या 'प्लॅनार'मध्ये. एसएलआरमध्ये आरशासाठी लेन्समागे सुमारे ४५ मिमी जागा सोडावी लागते. ५० मिमीला ती सहज मिळते, जादा भिंगं लागत नाहीत. कॅननच्या स्वस्त ५० मिमीत सहाच भिंगं आहेत.

पण उजेडाची किंमत मोजावी लागते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर, दीड मीटरवरून, एफ/१.८ ला जेमतेम ६ सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. दळणाऱ्या बाईचा चेहरा लख्ख, जातं आणि मागची कणगी धूसर. फोटो देखणा, पण नोंद म्हणून अर्धीच. घरकुलाची पक्की घरं येताहेत. तिथे कणगीला कोपरा मिळेलच असं नाही. उद्या कुणी तिची वीण शोधायला गेलं तर हाच फोटो उघडेल.

म्हणून माणसासाठी एफ/२.८ ठेवा, आणि अशा बाजूने उभे राहा की चेहरा नि अवजार तुमच्यापासून सारख्याच अंतरावर येतील. कणगी हलत नाही: कॅमेरा टेकवा, एफ/८ ला १/५ सेकंद द्या. अख्खं घर मात्र हिच्यात मावणार नाही. दोन मीटरवरून जेमतेम ९० बाय ६० सेंटीमीटर दिसतं. त्यासाठी झूम १८ वर लावून दारातून घ्या. आणि हो, आधी घरच्यांना विचारा.