शंभर टक्के, पन्नास टक्के, शून्य टक्के

आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण, यावर आधी राज्याराज्यांत मतदान होतं. त्याला प्रायमरी म्हणतात. मात्र तिथला मतदार उमेदवाराला थेट विजयी करत नाही. मतांच्या हिशेबात उमेदवाराला प्रतिनिधी मिळतात, आणि पक्षाच्या अधिवेशनात ज्याच्या बाजूने प्रतिनिधींचं बहुमत तो उमेदवार होतो. एका राज्याला किती प्रतिनिधी, मतदान केव्हा घेण्याची मुभा, नियम मोडला तर काय, हे सगळं पक्ष ठरवतो. म्हणूनच मतं चोख मोजली गेली तरी प्रतिनिधींच्या मोजणीवर भांडण पेटू शकतं. २००८ साली हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात ते पेटलं. त्याचं मूळ दोघांच्या महत्त्वाकांक्षेपेक्षाही पक्षाच्या एका निर्णयात होतं, असं माझं मत आहे. कधीच अंमलात आणता येणार नाही अशी शिक्षा पक्षाने सुनावली होती.

५ फेब्रुवारी २००८ पूर्वी मतदान घेण्याची मुभा डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना या चारच राज्यांना दिली होती. सुरुवातीच्या राज्यांकडे उमेदवारांचं आणि वृत्तपत्रांचं सगळं लक्ष असतं, म्हणून इतरांनाही पुढे सरकायची घाई असते. मिशिगनने १५ जानेवारी आणि फ्लोरिडाने २९ जानेवारी ही तारीख धरली. अशा राज्याचे निम्मे प्रतिनिधी कापावेत, अशी तरतूद पक्षाच्या नियमांत आधीपासून होती. पण इतरांना जरब बसावी म्हणून नियम समिती तिथे थांबली नाही. ऑगस्ट २००७ मध्ये फ्लोरिडाचे आणि डिसेंबरमध्ये मिशिगनचे सगळेच प्रतिनिधी तिने रद्द केले. प्रमुख उमेदवारांनी या राज्यांत प्रचार न करण्याचं वचन दिलं. मिशिगनमध्ये तर ओबामा, जॉन एडवर्ड्स आणि आणखी काहींनी मतपत्रिकेवरून नावंच काढून घेतली. क्लिंटन यांचं नाव मात्र राहिलं.

मतदान झालंच. फ्लोरिडात सतरा लाखांवर लोकांनी मत दिलं आणि क्लिंटन यांना सुमारे ५० टक्के, ओबामांना ३३ टक्के मतं पडली. मिशिगनमध्ये क्लिंटन यांना ५५ टक्के मिळाली, तर ४० टक्के मतदारांनी ‘कुणाशीही बांधील नाही’ या रकान्यावर खूण केली. लढत लवकर निकाली निघाली असती तर हे आकडे कुणी आठवलेही नसते. पण वसंत ऋतू आला तरी दोघं अटीतटीने झुंजत होते, पुन्हा मतदान घेण्याची खटपट दोन्ही राज्यांत फसली होती, आणि नोव्हेंबरच्या खऱ्या लढतीत याच दोन राज्यांची गरज लागणार होती. त्यांना अधिवेशनाच्या दाराबाहेर ठेवणं पक्षाला परवडणारं नव्हतं.

३१ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये नियम समिती बसली आणि दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना प्रत्येकी अर्धं मत देऊन मोकळी झाली. फ्लोरिडाचा ठराव २७ विरुद्ध ० असा संमत झाला, कारण तिथे सगळ्यांची नावं मतपत्रिकेवर होती. मिशिगनचा १९ विरुद्ध ८ असा झाला, आणि अडचण इथेच दिसते. मतदानाप्रमाणे वाटणी ७३ आणि ५५ अशी होत होती, ओबामांच्या बाजूला ६४-६४ हवी होती. राज्यातल्या पक्षाने मधला आकडा सुचवला, ६९ आणि ५९, आणि समितीने तो स्वीकारला. हे आकडे कोणत्याही मतपेटीतून आलेले नव्हते. चार प्रतिनिधी हिरावले गेले, अशी तक्रार समितीचे सदस्य आणि क्लिंटन यांचे सल्लागार हॅरोल्ड इक्स यांनी केली. ती तत्त्वतः बरोबर होती. पण संपूर्ण शिक्षेच्या बाजूने २००७ मध्ये त्यांनीही मत दिलं होतं. ज्या मतदानाला शून्य किंमत ठरवली, त्याचाच निकाल पुढे पवित्र मानायचा, हे दोन्ही एकाच वेळी चालत नाही.

फ्लोरिडाच्या मतदारांचा काय दोष, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला, आणि तो वजनदार आहे. तिथल्या विधिमंडळात रिपब्लिकनांचं बहुमत होतं आणि तारखेच्या कायद्यावर सही करणारा गव्हर्नरही त्यांचाच होता. पण म्हणून निकाल जसाच्या तसा मोजावा, हे त्यातून निघत नाही. मत मोजलं जाणार नाही असं ऐकून जे घरी राहिले, तेही मतदारच होते. त्यांना न्याय द्यायचा मार्ग मतदानाआधीच होता. ‘तुमच्या मताची किंमत अर्धी असेल’ असं स्पष्ट सांगितलं असतं, तर उमेदवारांना नावं काढण्याचं कारण उरलं नसतं आणि लोकांनी जाणून मत दिलं असतं.

रिपब्लिकन पक्षाने त्याच वर्षी याच राज्यांना निम्म्या प्रतिनिधींची शिक्षा दिली. त्यांचे उमेदवार दोन्हीकडे उघडपणे लढले आणि कुणाला किती मिळाले यावर वाद उरला नाही. त्यांची लढत मार्चमध्येच संपली म्हणून असं झालं, असं कुणी म्हणेल. ते काही अंशी खरं आहे, तरी लढत लांबली असती तरी आकडे वाचता आले असते. निम्म्या शिक्षेने जरब बसत नाही, हा दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण २०१२ मध्ये फ्लोरिडाने पुन्हा जानेवारीतच मतदान घेतलं. त्याचं उत्तर असं की शिक्षा वाढवायला हरकत नाही. मात्र ती आधी लिहिलेली आणि पक्ष शेवटपर्यंत पाळू शकेल इतकीच असावी.

३ जूनला ओबामांनी बहुमताचा आकडा गाठला. दोन राज्यांची अर्धी मतं धरल्यामुळे तो २,०२५ वरून २,११८ वर गेला होता. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात दोन्ही राज्यांना पूर्ण मतं परत मिळाली. शंभर टक्के शिक्षा पन्नासवर आली आणि निकालाला धोका नाही असं दिसताच शून्यावर. प्रत्येक पायरीला ऐक्याचं कारण दिलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. पण नियमाची किंमत गरजेनुसार बदलते हे एकदा दिसलं की पुढच्या वेळी तो मोडणाऱ्याला धास्ती उरत नाही आणि हरणाऱ्याला निकालावर विश्वास राहत नाही. पक्षाने स्वतःच्याच लिखित तरतुदीवर थांबायला हवं होतं. तीच शिक्षा मे महिन्यात द्यावी लागली, फक्त तोवर मिशिगनच्या मतदारांचा खरा कौल कळायची सोय राहिली नव्हती.